'पाव' नेमका कुणाचा? पाव किलो, लादीपाव आणि 'देव पावला'

शाळाफलक_पुणे यांनी विचारले:

नमस्कार मंडळी. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी पुण्यातल्या एका शाळेत शब्दांच्या जन्मकथांचे फलक लावायचे आहेत. पहिला शब्द 'पाव'. मुलं पाचवी ते आठवीची, फलक दोन फूट बाय तीन फूट, म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे शब्द बसतील.

लादीपावाच्या नावाबद्दल तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं आली आहेत, आणि तिन्ही देणाऱ्यांची पक्की खात्री आहे.

एक : मोठ्या रोटीचे चार तुकडे करून विकत, म्हणून एका तुकड्याला पाव.
दोन : पीठ पायांनी तुडवत, हिंदीत पायाला 'पाँव', म्हणून पाव.
तीन : शब्द पोर्तुगीज आहे.

यातलं खरं कोणतं, आणि ते बारा वर्षांच्या मुलाला पटेल अशा पुराव्यानं कसं सांगायचं? 'पोर्तुगीज आहे' एवढंच लिहिलं तर मुलं पाठ करतील, पण 'कशावरून?' हा प्रश्न तसाच राहील. 'देव पावला'मधला पाव आणि 'पाव किलो'मधला पाव एकच का, हेही हवं आहे. इतर भाषांत असाच आवाज असलेले शब्द असतील तर फारच छान.

---

व्यंजनवेध यांचे उत्तर:

आधी फलकाची मांडणी बदला. 'एका शब्दाचे तीन अर्थ' असं शीर्षक देऊ नका. हे तीन वेगळे शब्द आहेत. निघाले वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि झिजत झिजत एकाच आवाजाला येऊन टेकले. कोशांत अशा शब्दांच्या नोंदी स्वतंत्र असतात.

चौथाईचा पाव संस्कृत 'पाद'पासून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. हा अर्थ फार जुना आहे. पुरुषसूक्तात 'पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि' म्हटलं आहे, म्हणजे सगळी भूतमात्रं त्याचा एक पाद आणि उरलेले तीन पाद द्युलोकात. तिथे पाद म्हणजे सरळ पाव हिस्सा. (छंदांत मात्र तो अर्थ पुढे सैल झाला. अनुष्टुभाला चार पाद आहेत, ते हिशेबात बसतं, पण गायत्रीला तीनच. तिथे पाद म्हणजे नुसता चरण.)

प्राकृतात दोन स्वरांमधला 'द' गळाला आणि 'पाअ' उरलं. दोन स्वर असे शेजारी आले की मधे हलका 'य' किंवा 'व' शिरतो. 'य' शिरला तिथे आपल्याला पाय मिळाला, 'व' शिरला तिथे पाव. म्हणजे पाय आणि पाव ही सख्खी भावंडं.

याचा पुरावा मुलांच्या रोजच्या हिशेबातच आहे, तोच फलकावर ठळक घ्या:

सपाद (पावासह) → सव्वा
पादोन (पावाने ऊन, म्हणजे कमी) → पाऊण

म्हणून सव्वादोन म्हणजे २¼ आणि पावणेदोन म्हणजे १¾. 'पावणे'मध्ये वजाबाकी आहे हे एकदा कळलं की मुलं पावणेदोनशे म्हणजे १७५ यात चुकत नाहीत. हीच तऱ्हा पुढे चालते. दीड हा 'द्व्यर्ध', म्हणजे दुसरा अर्धा. अडीच हा 'अर्धतृतीय', म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. आणि साडेतीनला आपल्याकडे 'औट' असा स्वतंत्र शब्द होता, तो 'अर्धचतुर्थ'. औट घटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं. घटका २४ मिनिटांची, तेव्हा ते राज्य ८४ मिनिटं टिकतं. पावकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे पाढे याच शब्दांवर उभे होते. अर्ध्याची निमकी मात्र फारसी 'नीम'ची आहे.

'देव पावला'मधला पाव क्रियापदाचा आहे आणि त्याचा पायाशी काही संबंध नाही. संस्कृत 'प्राप्', प्राकृत 'पावइ', मराठी 'पावणे'. सुरुवातीच्या 'प्र'मधला 'र' गेला आणि मधल्या 'प'चा 'व' झाला. हा बदल एकट्या या शब्दात झालेला नाही. दीप → दिवा, ताप → ताव, कपाट → कवाड, सगळीकडे तोच. हिंदीतलं 'पाना' याच घरातलं.

या क्रियापदाचे दोन वापर मुलांना वेगळे करून दाखवा. 'तो मरण पावला', 'ते प्रसिद्धी पावले' यांत कर्त्याला काहीतरी मिळतं किंवा तो एखाद्या स्थितीला पोचतो. 'देवी त्याला पावली' यात कर्ता देवी आहे आणि मिळतं भक्ताला. जुन्या पत्रांत 'पत्र पावले' असं येतं, म्हणजे पोचलं. दुकानात मिळते ती पावती याच क्रियापदाची. 'पोचपावती'त तर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. 'आजपावेतो'सुद्धा इथलंच.

खायचा पाव पोर्तुगीज. पहिली दोन स्पष्टीकरणं चूक आहेत. आधी व्याकरणाची कसोटी घ्या, ती मुलांना घरी करता येते. खायचा पाव हे नाम आहे, त्याला विभक्ती लागते. पावाचा, पावाला, पावात. चौथाईचा पाव विशेषणासारखा वागतो आणि बदलत नाही. 'पाव किलोला', 'पाव वाटीत' म्हणतो, 'पावा किलोला' कुणी म्हणत नाही. शिवाय खायचे पाव मोजता येतात, दोन पाव, सहा पाव. चौथाईचे दोन पाव झाले की आपण लगेच 'अर्धा' म्हणतो.

एवढ्यावरून वागणूक वेगळी आहे हे कळतं. मूळ वेगळं आहे हे सिद्ध होत नाही, कारण विशेषणाचं नाम होऊ शकतं. त्याचा पुरावा दुसरीकडे आहे, तो पोर्तुगीज जाणणाऱ्यांनी द्यावा.

---

पोदेरवाडा यांचे उत्तर:

देतो. गोव्यात पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात, तो पोर्तुगीज 'पादेइरु'. धंद्याचं नाव पोर्तुगीज आणि मालाचं नाव संस्कृत, अशी जोडी सहसा जमत नाही.

पोर्तुगीजमध्ये पावाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'पँउँ', अख्खा नाकातून. मूळ लॅटिन 'पानिस', त्याचं द्वितीयेचं रूप 'पानेम'. इटालियनमध्ये त्याचं 'पाने' झालं, स्पॅनिशमध्ये 'पान'. पोर्तुगीजमध्ये मात्र 'न' स्वरात विरघळला, फक्त नाकातला सूर मागे राहिला. त्या भाषेत हे नियमानं होतं. हात 'मानुम'चा 'मँउँ' झाला, कुत्रा 'कानेम'चा 'कँउँ'.

आता खरा पुरावा. पोर्तुगीज 'अँउँ' मराठीत आला की त्याचं काय होतं, हे दुसऱ्या एखाद्या शब्दावर तपासायला हवं. असा शब्द मराठीत आहे, लिलाव. पोर्तुगीज 'लेइलँउँ', मराठी लिलाव. पोर्तुगीज 'पँउँ', मराठी पाव. शेपूट तेच, बदलही तोच. एका शब्दावरचा योगायोग दोन शब्दांवर जमला की त्याला वजन येतं. मार्केट यार्डातला लिलाव आणि बेकरीतला पाव शेजारी शेजारी छापा, मुलांच्या लक्षात राहील.

पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं आणि वसई १५३४ मध्ये. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. म्हणजे दोनशे वर्षं हे बेकरीवाले किनाऱ्यावर मराठी-कोकणी बोलणाऱ्यांच्या शेजारी होते. फुगवलेली, भट्टीत भाजलेली रोटी त्यांच्याबरोबर आली. यीस्ट मिळायचं नाही, तेव्हा गोव्यात पीठ फुगवायला माडाची ताडी वापरत. वस्तू नवी असली की ती बहुधा आपलं नाव घेऊनच येते. बटाटा, अननस, कोबी, चावी हे सगळे असेच आले.

चार तुकड्यांची कथा दुसऱ्या कारणानंही पडते. पाव एकेकटा गोळा करून थापतात आणि शेजारी शेजारी लावून भाजतात. फुगताना गोळे एकमेकांना चिकटतात, त्याची लादी होते. लादीतून पाव सुटा करतात तो या जोडावरून. मोठी रोटी चिरून पाव करायची पद्धत यात कुठेच बसत नाही.

---

नुक्ताचीन_नारायणपेठ यांचे उत्तर:

वरची दोन्ही उत्तरं पटली. फक्त पायाने तुडवण्याच्या कथेला जरा नीट उत्तर द्यायला हवं, कारण तिचे समर्थक नाकातल्या उच्चाराचाच आधार घेतात. हिंदीत पायाला 'पाँव', नासिक्य. गुजरातीत खायच्या पावाला 'पांउ', तोही नासिक्य. बंगालीत पावाला 'पाँउरुटी' असं चंद्रबिंदूसह लिहितात आणि 'पाउरुटी' असंही. हे बघून कुणी म्हणेल की नाकातला सूर पायाचाच आहे.

पण पायाचं 'पाँव' हे रूप हिंदी पट्ट्यातलं. बंगालीत पायाला नुसतं 'पा' म्हणतात, गुजरातीत 'पग', मराठीत 'पाय'. ज्या तीन भाषांत पायाचं नाव नासिक्य नाही, त्यांतल्या दोघींत खायच्या पावाला नाकातला सूर आहे. तो पायाकडून आलेला नाही हे इथे दिसतं. पोर्तुगीजमध्ये तो मुळातच आहे.

लिलावाच्या बाबतीतही तसंच. मराठीत 'लिलाव', गुजरातीत 'लिलाम', हिंदीत 'नीलाम', बंगालीत 'निलाम'. शेवटचा नासिक्य सूर कुठे 'म' झाला, आपल्याकडे 'व' राहिला.

एक सावधगिरी. आज मराठीत 'पाव'वर अनुस्वार नाही, म्हणून नासिक्य नव्हताच, असा उलटा निष्कर्ष फलकावर नको. आपण 'नाव', 'गाव' असंच लिहितो, पण जुन्या छपाईत 'नांव', 'गांव' असायचं. तो अनुस्वार 'नाम', 'ग्राम'मधल्या 'म'ची खूण होती. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. आजच्या लिपीवरून उच्चाराचा इतिहास काढायला गेलं की नेमकी इथे चूक होते.

कोश बघणार असाल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती सोपी आहे. शब्द कुठल्या भाषेतला ते शब्दाशेजारी कंसात आद्याक्षरांनी दिलेलं असतं. टर्नरचा कोश संस्कृत शिरोशब्दांवर लावलेला आहे, त्यामुळे त्यात 'पाव' शोधून काही मिळणार नाही. 'पाद' वेगळं बघावं लागेल आणि 'प्राप्'च्या घरातल्या नोंदी वेगळ्या. खायचा पाव त्यात नसणारच, तो आर्यभाषांच्या वारशाचा कोश आहे.

---

सातभाषी_बाणेर यांचे उत्तर:

इतर भाषांचा भाग मी घेते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत : आपल्या पावाचे खरे नातेवाईक कोण, आणि नुसते आवाजाने सारखे कोण. फलकावर यांचे रंग वेगळे ठेवा, नाहीतर मुलं सगळ्यांनाच नातेवाईक समजतील.

खरे नातेवाईक आधी. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज जपानला १५४३ मध्ये पोचले, त्यांच्याकडूनच हा शब्द गेला. जपानीतून तो कोरियनमध्ये गेला, तिथे 'प्पांग'. सिंहलीतही 'पान'. गंमत अशी की 'पँउँ' एकच, पण जपानी कानाने त्यातला नाकाचा सूर पकडला आणि मराठी कानाने शेवटचा 'उ'. त्यांच्याकडे 'न' उरला, आपल्याकडे 'व'. जपानी 'पान' आणि मराठी 'पाव' ऐकून कुणाला नातं वाटणार नाही, आणि तरी तो एकच शब्द आहे.

लॅटिन 'पानिस' इंग्रजीतूनही आपल्याकडे येऊन बसला आहे. रेल्वेची पॅन्ट्री म्हणजे मुळात पावाची कोठी. कंपनीतही तोच आहे. उत्तरकालीन लॅटिनमधला 'कोम्पानिओ' म्हणजे ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो सोबती. मुलांना हे नक्की आवडेल.

चौथाईच्या पावाचे नातेवाईक वेगळ्याच दिशेला आहेत. संस्कृत 'पाद', लॅटिन 'पेदेम', फारसी 'पाय', इंग्रजी 'फूट' हे सगळे एका मुळाचे. पायजमा म्हणजे फारसीतला पाय अधिक जामा. सायकलचं पेडल 'पेदेम'चं. पोर्तुगीजमध्ये पायाला 'पे' म्हणतात. तेव्हा पाव किलोतल्या पावाचा पोर्तुगीज नातेवाईक हवा असेल तर तो 'पे' आहे. 'पँउँ' नव्हे.

तेलुगूत 'पावु' म्हणजे पाव हिस्सा, कन्नडमध्ये 'पावु' हे पावशेराचं माप. दोन्हीकडे आपल्या भाषांकडून गेलेले. कन्नडमधला मला फार आवडतो. जुन्या कन्नडमध्ये 'पावु' म्हणजे साप होता, तमिळ 'पांबु'चा भाऊ. मग कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'ह' झाला. तमिळ 'पाल' (दूध) तिकडे 'हालु', 'पत्तु' (दहा) तिकडे 'हत्तु', 'पुलि' (वाघ) तिकडे 'हुलि'. सापही 'हावु' झाला. मापाचा 'पावु' मात्र 'पावु'च राहिला, कारण तो बाहेरून आलेला पाहुणा होता आणि या बदलात सापडला नाही. आज कन्नडमध्ये साप आणि माप वेगळे ऐकू येतात ते यामुळे.

आता नुसते आवाजाने सारखे, नातं शून्य.

मलेशिया-सिंगापूरमध्ये 'पाउ' म्हणजे सारण भरून वाफवलेला मऊ गोळा. पिठाचा, पांढरा, पावासारखाच दिसणारा, त्यामुळे पोर्तुगीज वाटतो. पण तो चिनी आहे, होक्कियन बोलीतला 'पाउ', मूळ अर्थ गुंडाळणे. अर्थ आणि आवाज दोन्ही जुळूनसुद्धा नातं नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हा फलकावर घ्याच.

पोर्तुगीजमध्येच 'पाउ', नाकातला सूर न लावता, म्हणजे लाकूड किंवा काठी. लॅटिन 'पालुस'मधला 'ल' गळून तो झाला. 'पाउ-ब्राझिल' नावाच्या लाल रंगाच्या लाकडावरून ब्राझिल देशाचं नाव पडलं. इंग्रजी 'पोल' त्याच 'पालुस'चा, म्हणजे गल्लीतला विजेचा पोल या पाउचा चुलतभाऊ. पोर्तुगालमध्ये पाव मागताना नाकातून बोललं नाही तर काठी मागितली जाते.

कातालानमध्ये 'पाउ' म्हणजे शांती, लॅटिन 'पाकेम'चा. त्याच भाषेत 'पाउ' हे पुरुषाचं नावही आहे, 'पाउलुस'चं. चेलोवादक पाउ कासाल्स यांचं नाव तेच. तिथेही दोन वेगळे शब्द झिजून एक झाले, अगदी आपल्या पावासारखे. हवाईच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपलं, पूर्ण झालं.

---

शाळाफलक_पुणे :

मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मसुदा असा केला आहे, कृपया तपासा :

'पाव किलो : पाद → पाअ → पाव. भावंडं : पाय, सव्वा, पाऊण, पावशेर, पावली.
देव पावला : प्राप् → पावइ → पावणे. भावंडं : पावती, पावेतो, पाऊस, पाहुणा.
लादीपाव : पानेम → पँउँ → पाव. भावंडं : पॅन्ट्री, कंपनी, जपानी पान. असाच बदललेला : लिलाव.
दिसतो तसा नसतो : मलेशियातला पाउ, पोर्तुगीज काठी पाउ, कातालान शांती पाउ.'

पावशेराशेजारी '= २५० ग्रॅम' आणि पावलीशेजारी '= २५ पैसे' असं लिहिलं आहे.

---

व्यंजनवेध :

चांगला झाला आहे, तीन दुरुस्त्या करा.

दुसऱ्या ओळीतून 'पाऊस' आणि 'पाहुणा' काढा. पाऊस 'प्रावृष्'चा, पाहुणा 'प्राघुण'चा, आणि बोलीतला 'पावणा' म्हणजे हाच पाहुणा. दोघांच्या सुरुवातीला तोच 'प्र' उपसर्ग आहे, पण धातू 'प्राप्'चा नाही. उपसर्ग सारखा म्हणून भावंडं ठरवली तर प्रकाश आणि प्रवासही त्याच रांगेत बसवावे लागतील.

पावशेर म्हणजे २५० ग्रॅम नव्हे. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणून पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. मेट्रिक वजनं आल्यावर पाव किलोनं पावशेराची जागा घेतली आणि लोकांनी शब्द तोच चालू ठेवला, त्यात माप सोळा-सतरा ग्रॅमनं वाढलं. गावोगावचे शेर वेगळे असत, म्हणून '८० तोळ्यांचा शेर धरून' हे शब्द हवेतच.

पावली मूळची चार आण्यांची, रुपयाचा चौथा हिस्सा. रुपया सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा ती २५ पैशांची झाली, आणि ३० जून २०११ पासून २५ पैशांचं नाणं चलनातून गेलं. मुलांनी ते पाहिलेलं नसणार. एखादं मिळालं तर फलकावरच चिकटवा.

---

नुक्ताचीन_नारायणपेठ :

छापायला देण्याआधी एक बघा. 'पँउँ'वर दोन चंद्रबिंदू आहेत. काही फाँटमध्ये 'उ'वरचा चंद्रबिंदू सरकून शेजारच्या अक्षरावर जातो किंवा साधा अनुस्वार होतो. मग मुलं 'पंउ' वाचतील. मोठ्या आकारात एक नमुना कागदावर काढून घ्या, आणि शेजारी 'नाकातून म्हणा' असं लिहा.